आधी सूर, मग नाव, मग गोष्ट: रोमँटिक काळातली पियानो-रचना समजून वाजवण्याची पद्धत

रोमँटिक काळातल्या, म्हणजे ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकातल्या, पियानो-रचना शिकणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी व्हिडिओवरचं नाव वाचायचं, मग त्या नावाला साजेशी गोष्ट शोधायची आणि ती डोक्यात ठेवून सूर वाजवायचे. परिणाम ठरलेला असतो. शोपँचा ‘रेनड्रॉप’ प्रील्यूड गोड रिमझिम होऊन बसतो, लिस्तचा ‘लीबेस्ट्राउम’ (‘प्रेमाचं स्वप्न’) लग्नाच्या रिसेप्शनचं पार्श्वसंगीत होतो आणि शूमानच्या ‘ट्रॉयमेराय’ला (‘स्वप्नरंजन’) झोप लागते.

गोष्ट नकोच, असं मी म्हणत नाही. या रचनांमागे खऱ्या गोष्टी आहेत, कविता आहेत, चित्रं आहेत. फक्त त्या तपासून घ्याव्या लागतात, आणि तपासायची जागा म्हणजे समोरचा स्कोअर, रचनेची छापील स्वरलिपी. खाली दिलेला क्रम ग्रेडची परीक्षा देणाऱ्यांना चालेल, घरच्या बैठकीत वाजवणाऱ्यांना चालेल आणि नुसतं ऐकणाऱ्यांनाही चालेल. ऐकणाऱ्यांनी सातवा टप्पा सोडून द्यावा. बहुतेक टप्प्यांसाठी एकच रचना धरली आहे, शोपँचा प्रील्यूड, ओपस 28 क्रमांक 15, म्हणजे तोच ‘रेनड्रॉप’ (ओपस म्हणजे रचनाकाराच्या कृतीचा क्रमांक). इतर उदाहरणं गरजेपुरती येतील.

टप्पा 1: तयारी

पहिली गरज नीट स्कोअरची. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच आवृत्त्यांत संपादकाने स्वतःचे स्लर (सूर जोडणाऱ्या कमानी), पेडलच्या खुणा, कधी टेम्पोचे आकडेही घातलेले असतात. काहींच्या डोक्यावर टोपणनावही छापलेलं असतं. तुम्ही ते रचनाकाराचं समजता आणि पुढची सगळी इमारत त्यावर उभी राहते. शक्य असेल तर ‘उरटेक्स्ट’, म्हणजे रचनाकाराच्या मूळ लिखाणाशी प्रामाणिक राहणारी, आवृत्ती घ्या. हेन्ले किंवा बेरेनराइटरची सहज मिळते. शोपँसाठी यान एकीर यांनी संपादित केलेली पोलिश राष्ट्रीय आवृत्ती उत्तम. शोपँच्या बाबतीत ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण त्याच्या रचना पॅरिस, लंडन आणि लाइपझिगच्या वेगवेगळ्या प्रकाशकांकडून निघत आणि त्या पहिल्या छापील प्रतींतही आपसात फरक आहेत.

बारचे (स्कोअरवर उभ्या रेघांनी पाडलेल्या तालाच्या खणांचे) आकडे छापलेले नसतील तर पेन्सिलने स्वतः घाला. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय पुढचा एकही टप्पा नीट होणार नाही.

इटालियन, जर्मन आणि फ्रेंच सूचनांचे अर्थ शोधून स्कोअरच्या समासात मराठीत लिहा. शूमानच्या बऱ्याच सूचना जर्मनमध्ये असतात आणि शिकणारे त्या सरळ ओलांडून जातात.

वाद्याबद्दल एवढंच, की 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर यातल्या बऱ्याच रचना मावत नाहीत. खालचा सप्तक कापला गेला की भावाचा अर्धा भागही त्याबरोबर जातो. 88 वजनदार पट्ट्या आणि खरं पेडल हवंच.

सावधान: या टप्प्यावर एकही रेकॉर्डिंग लावू नका. एकदा कुणाचा टेम्पो कानात बसला की तो काढायला आठवडे लागतात.

टप्पा 2: नाव झाकून स्कोअर वाचणे

वरचं शीर्षक कागदाच्या पट्टीने झाका. मग पेन्सिल घेऊन पाच गोष्टी टिपा: सूरपट्टी कुठे बदलते, आवाज कुठे वाढतो आणि कुठे पडतो, धून कोणत्या उंचीवर आहे, कोणता आकार पुन्हा पुन्हा येतो, आणि तो आकार कुठे थांबतो. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच सगळे विसरतात.

ओपस 28 क्रमांक 15 असा वाचून बघा. एकूण बार 89. सुरुवात डी फ्लॅट मेजरमध्ये, शांत, गाण्यासारखी. डाव्या हातात एकच सूर, ए फ्लॅट, सतत टपटपत राहतो. 28व्या बारला सूरपट्टी सी शार्प मायनर होते. तोच टपटपणारा सूर आता जी शार्प म्हणून लिहिला आहे. पियानोवरची पट्टी तीच, पण तो उजव्या हातात गेला आहे आणि धून खाली मंद्रात उतरली आहे. सूचना आहे ‘सोट्टो व्होचे’, म्हणजे दबक्या आवाजात. तिथून आवाज चढत फोर्टिसिमोपर्यंत, म्हणजे खूप मोठा होईपर्यंत, जातो, आणि एकदा नव्हे, दोनदा. 76व्या बारला पहिली धून परत येते, पण थोडक्यात. अगदी शेवटाकडे तो टपटपणारा सूर क्षणभर थांबतो आणि एकटीच ओळ उरते.

आता हिशेब करा. अंधारा मधला भाग 28 ते 75, म्हणजे 48 बार. रचनेचा अर्ध्याहून मोठा भाग मंद्रातला आणि मायनर आहे. नाव झाकून वाचणारा कुणीही याला गोड पावसाचं गाणं म्हणणार नाही.

मग प्रत्येक भागाला तुमच्या शब्दात एक भाव लिहा. ‘सुंदर’, ‘भावपूर्ण’, ‘हृदयस्पर्शी’ हे शब्द बाद, कारण त्यांनी बोटांना काहीच कळत नाही. ‘धीर धरलेला’, ‘दबा धरून बसलेला’, ‘दमलेला’ असे शब्द चालतील.

इथे आपल्याकडची एक सवय आड येते. रागसंगीत ऐकत वाढलेल्या कानाला एका रचनेत एक भाव ठरवून टाकायचा असतो आणि तो शेवटपर्यंत खुलवत न्यायचा असतो. रोमँटिक पियानोत चार-पाच मिनिटांत भाव तीनदा उलटतो, आणि खरी गंमत त्या उलटण्याच्या जागी असते. त्यामुळे संपूर्ण रचनेला मिळून एक शब्द लिहू नका.

तपासणी: प्रत्येक शब्दापुढे बारचा आकडा आहे का? नसेल तर तो भाव तुम्ही स्कोअरमधून घेतलेला नाही, बाहेरून आणला आहे.

टप्पा 3: नाव कोणी दिलं?

आता कागदाची पट्टी काढा. नावाचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात, आणि प्रत्येकाला किती मान द्यायचा ते वेगळं ठरतं.

पहिला प्रकार, रचनाकाराने विषय आधी घेऊन लिहिलेली रचना. मुसोर्गस्कीच्या ‘प्रदर्शनातील चित्रे’ (1874) या मालिकेमागे व्हिक्टर हार्टमान या मित्राच्या मृत्यूनंतर भरलेलं चित्रांचं प्रदर्शन आहे. लिस्तच्या ‘ओबरमानची दरी’मागे सेनांकूरची कादंबरी आहे. इथे नाव हा रचनेचाच भाग समजा.

दुसरा, रचनाकारानेच पण नंतर दिलेलं नाव. शूमानच्या ‘किंडरझेनेन’ची (1838) तेरा शीर्षकं अशी आहेत. ती मागाहून सुचली आणि ती म्हणजे वाजवण्यासाठी, समजण्यासाठी दिलेले नाजूक इशारे आहेत, असं त्याने स्वतः पत्रात लिहिलं आहे. ग्रीगच्या ‘ट्रोल्डहाउगेनमधला लग्नाचा दिवस’ या रचनेचं आधीचं नाव ‘शुभेच्छा देणारे येत आहेत’ अशा अर्थाचं होतं. ते कळलं की सुरुवातीची ती मिरवणुकीची चाल कुणाची, हे लगेच लक्षात येतं.

तिसरा, प्रकाशकाने सुचवलेला विषय. चायकोव्स्कीच्या ‘ऋतू’ या मालिकेतल्या बारा रचना 1876 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका संगीत मासिकात दर महिन्याला एक अशा छापल्या गेल्या. महिन्यांचे विषय संपादकाचे, चायकोव्स्कीने त्यांना होकार देऊन रचना केल्या. त्यातला ‘जून’ बार्कारोल म्हणजे नावाड्याचं गाणं आहे, पण त्यात बार्कारोलचा नेहमीचा 6/8 चा हेलकावा नाही. तो 4/4 मध्ये आहे. नावावर विसंबून हेलकावे देत वाजवलं की चाल मोडते.

चौथा, इतरांनी चिकटवलेलं नाव. ‘रेनड्रॉप’, ‘रिव्होल्यूशनरी’, ‘ट्रिस्टेस’ ही शोपँची नावं नव्हेत. लंडनच्या प्रकाशकाने त्याच्या नॉक्टर्नना ‘सेन नदीची कुजबुज’ छापाची नावं दिली, तेव्हा तो वैतागला होता. मेंडेलसोनच्या ‘शब्दांविना गीतां’पैकी मोजक्याच रचनांची नावं त्याची स्वतःची आहेत, उदाहरणार्थ ‘व्हेनिसचं गोंडोलागीत’. सगळीकडे वाजणारं ‘स्प्रिंग साँग’ हे नाव मात्र त्याचं नाही.

‘ट्रिस्टेस’ने, म्हणजे ‘उदासी’ या नावाने, केलेलं नुकसान तर मोजता येतं. एट्यूड ओपस 10 क्रमांक 3 च्या हस्तलिखितात शोपँने आधी ‘विवाचे’, म्हणजे चपळ, असं लिहिलं होतं, मग ‘विवाचे मा नॉन ट्रोपो’ केलं. छापताना ‘लेंटो मा नॉन ट्रोपो’, म्हणजे सावकाश पण फार नाही, असं झालं. ज्या रचनेला चपळ म्हणावं असं खुद्द रचनाकाराला एकेकाळी वाटलं, ती आज नावापायी हुंदके देत वाजवली जाते.

तपासणी: स्कोअरवर नावाशेजारी पेन्सिलने 1, 2, 3 किंवा 4 लिहा. 4 असेल तर ते नाव पुढच्या तीन टप्प्यांपुरतं विसरा.

टप्पा 4: गोष्ट कोणी सांगितली, आणि केव्हा?

नावाइतकीच गोष्टही संशयाने बघायची. तीन प्रश्न पुरतात. सांगणारा तिथे होता का? घटनेनंतर किती वर्षांनी सांगितलं? आणि त्याने नेमकी हीच रचना म्हटली आहे का?

पावसाची गोष्ट जॉर्ज सँड या फ्रेंच लेखिकेने सांगितली. 1838-39 च्या हिवाळ्यात ती, तिची मुलं आणि आजारी शोपँ मायोर्का बेटावर वालदेमोसाच्या मठात राहत होते. ती मुलाबरोबर पाल्माहून वादळातून रात्री उशिरा परतली तेव्हा शोपँ पियानोवर बसून रडत प्रील्यूड वाजवत होता. आपण तळ्यात बुडून मेलो आहोत आणि छातीवर थंडगार जड थेंब तालात पडत आहेत, असं त्याला दिसत होतं. छतावर खरंच थेंब पडत आहेत हे तिने दाखवलं, तर ते आपण ऐकलेच नाहीत असं तो म्हणाला. पावसाची नक्कल केली आहे, या कल्पनेचा त्याला रागच आला.

आता प्रश्न लावा. सांगणारी तिथे होती, हे चांगलं. पण तिने हे आत्मचरित्रात लिहिलं, ते शोपँच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं, म्हणजे घटनेला पंधराएक वर्षं उलटून गेल्यावर. आणि तो प्रील्यूड कोणता, हे तिने सांगितलेलंच नाही! क्रमांक 15 हा लोकांचा अंदाज आहे. काही जण क्रमांक 6 कडे बोट दाखवतात. शिवाय गोष्ट खरी धरली तरी त्यात रिमझिम कुठे आहे? त्यात प्रेत आहे.

दुसरं उदाहरण लिस्तच्या ‘फ्युनेराय’चं. वर तारीख आहे ऑक्टोबर 1849. शोपँ गेला 17 ऑक्टोबर 1849 ला, आणि मधल्या भागात डाव्या हाताचे धावते ऑक्टेव्ह शोपँच्या ए फ्लॅट पोलोनेजची आठवण करून देतात. म्हणून ही रचना शोपँला वाहिलेली श्रद्धांजली असल्याचं ठोकून सांगितलं जातं. पण त्याच महिन्याच्या 6 तारखेला, हंगेरीचा उठाव चिरडल्यावर, अराद इथे तेरा हंगेरियन सेनानींना आणि पेश्तमध्ये माजी पंतप्रधान बात्यान्यींना देहदंड दिला गेला. लिस्त हंगेरियन होता. सुरुवातीच्या मंद्रातल्या घंटा, रणवाद्यांसारख्या ललकाऱ्या आणि मग ती टापांची दौड या गोष्टीत जास्त नीट बसतात.

सावधान: ‘म्हणे’, ‘असं सांगतात’ असलेली गोष्ट टाकून द्यायची नाही, वेगळ्या कागदावर ठेवायची. ती टप्पा 6 मध्ये लागेल.

टप्पा 5: कविता असेल तर ती पूर्ण वाचा

रोमँटिक पियानोत शब्द बऱ्याचदा थेट स्कोअरवरच असतात, आणि लोक पहिली ओळ वाचून थांबतात. माझ्या मते सगळ्यांत जास्त घोटाळे इथे होतात.

लिस्तचा ‘लीबेस्ट्राउम’ क्रमांक 3 (1850) हे मूळचं गाणं, फ्रायलिग्राटच्या कवितेवरचं. पहिली ओळ म्हणते, जोवर प्रेम करता येतं तोवर करून घे. एवढ्यावरून तो लग्नात वाजतो. पुढची ओळ अशी आहे, की अशी घटका येईल जेव्हा तू थडग्यांपाशी उभा राहून आक्रोश करशील. पुढे कविता सांगते की जिभेला आवर घाल, कारण घाईत बोललेला शब्द लागतो आणि मग माफी मागायला समोर माणूस उरत नाही. म्हणजे ही प्रेमाची गुंगी नाही, ताकीद आहे. हे कळल्यावर सुरुवातीची धून पियानोच्या मधल्या पट्टीत, माणसाच्या आवाजाच्या उंचीवर का आहे ते उमजतं: कुणीतरी समजावून सांगत आहे. मधल्या चढावालाही मग प्रेमाच्या उधाणाऐवजी निकड येते.

ब्राम्सच्या इंटरमेझो ओपस 117 क्रमांक 1 (1892) वर हेर्डरच्या संग्रहातल्या एका स्कॉटिश गीताच्या दोन ओळी छापल्या आहेत: बाळा, शांत झोप, तुला रडताना बघून मला वाईट वाटतं. अंगाई म्हणून सगळे ती हळुवार वाजवतात, आणि सुरुवातीला ते बरोबरही आहे. पण पूर्ण गीतात गाणारी आई टाकलेली आहे; बाळाचा बाप त्यांना सोडून गेला आहे. मधला ई फ्लॅट मायनरचा भाग, ‘पिउ अदाजो’ (आणखी संथ), बाळासाठी नाहीच. बाळ झोपल्यावर आई स्वतःशी बोलते, असं धरून वाजवून बघा. तिथले तुटक, थांबत जाणारे सूर आपोआप जागेवर येतात.

याच ब्राम्सच्या बॅलड ओपस 10 क्रमांक 1 मागे ‘एडवर्ड’ हे स्कॉटिश बॅलड आहे: तलवारीला रक्त कसलं, असं आई विचारते, मुलगा आधी ससाण्याचं म्हणतो, मग घोड्याचं, आणि शेवटी कबूल करतो की बापाचं. सुरुवातीला ‘आंदांते’ (मध्यम संथ) आणि ‘पोको पिउ मोतो’ (थोडं अधिक चालतं) आलटून पालटून येतात. प्रश्न आणि उत्तर. इथे दोन आवाज दोन वेगळ्या स्पर्शांनी आले नाहीत तर गोष्टच सांगितली गेली नाही.

तपासणी: कवितेत बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि शेवटी काय होतं, हे एका ओळीत लिहिता येतं का?

टप्पा 6: गोष्ट सुरांवर घासून बघा

टप्पा 2 चा कागद आणि टप्पा 4-5 चा कागद शेजारी ठेवा. गोष्टीतला प्रत्येक प्रसंग कुठल्या बारला लागतो ते लिहा. मग उलट करा: स्कोअरमधला सर्वांत मोठा बदल गोष्टीत कुठे आहे? तो बदल ज्या गोष्टीत सापडत नाही ती गोष्ट अपुरी आहे, कितीही गोड असली तरी.

क्रमांक 15 ला ‘अंगणातला पाऊस’ लावला तर 48 बार उरतात. ‘बुडालेल्या माणसाच्या छातीवरचे थेंब’ लावलं तर काहीच उरत नाही. म्हणून सँडची गोष्ट या प्रील्यूडबद्दल नसली तरी मी ती वापरतो. पुरावा म्हणून नव्हे, वाजवायला उपयोगी पडते म्हणून. हा फरक डोक्यात स्पष्ट ठेवा.

कधीकधी गोष्ट बरोबर असते आणि स्कोअरच चुकीचा असतो. मुसोर्गस्कीच्या ‘प्रदर्शनातील चित्रे’मधल्या ‘बिद्वो’मध्ये बैलगाडी आहे. त्याने स्वतः सुरुवात फोर्टिसिमो लिहिली: अजस्र चाकांची गाडी थेट समोर. रिम्स्की-कोर्साकोव्हने संपादित केलेल्या 1886 च्या आवृत्तीत ती दबक्या आवाजात सुरू होते आणि हळूहळू जवळ येते. गाडीचं चित्र तेच, पण ऐकणारा उभा कुठे आहे ते बदललं. तुमच्या हातात कोणती आवृत्ती आहे ते बघा.

टप्पा 7: भाव बोटांत उतरवणे

‘इथे उदास वाजव’ ही सूचना निरुपयोगी आहे. भाव चार ठिकाणी ठरतो: टेम्पो, कोणता सूर वर काढायचा, पेडल, आणि वेळेची ओढाताण. प्रत्येक भागासाठी चारही निर्णय पेन्सिलने लिहा.

टेम्पोसाठी ‘ट्रॉयमेराय’ घ्या. पहिल्या आवृत्तीत आकडा आहे क्वार्टरला 100, म्हणजे मिनिटाला 100 क्वार्टर-सूर. तो बहुतेकांना फार जलद वाटतो, मलाही वाटतो. पण त्याने एवढं तरी कळतं की शूमानच्या मनात ओळ सलग वाहत होती. आज ती बरेचदा अर्ध्या वेगात ऐकू येते आणि चार बारचं वाक्य चार तुकड्यांत मोडतं. एकदा 100 वर वाजवा, मग वाक्य एका श्वासात राहील इतपतच खाली या. याच रचनेत 22व्या बारच्या फर्माटापर्यंत (सूर लांबवायच्या खुणेपर्यंत) काहीतरी शिल्लक ठेवायचं असतं; आधीच्या प्रत्येक चढणीवर रेंगाळलात तर तिथे द्यायला काही उरत नाही.

क्रमांक 15 मध्ये टपटपणारा सूर पहिल्या भागात जेमतेम ऐकू यावा. मधल्या भागात तो चढत जाऊ द्या, पण खालची धून बुडवू नका. पेडल पहिल्या भागात मोकळं चालतं. मंद्रात तेवढंच ठेवलं तर नुसता गढूळ आवाज येतो, तिथे अर्ध्या पेडलने वारंवार बदला. शेवटी तो सूर थांबतो तिथे मात्र घाई नको. इतका वेळ जे वाजत होतं ते बंद झाल्याचं ऐकणाऱ्याला कळायला हवं.

वेळेची ओढाताण, म्हणजे रुबाटो, सर्वांत शेवटी घाला. डावा हात लय धरतो आणि उजवा मोकळा राहतो, असं शोपँचे शिष्य सांगत. तबल्याचा ठेका चालू असतो आणि गायक त्यावर मागेपुढे होऊन समेवर येतो, तसं. दोन्ही हात एकदम थांबले तर लय फक्त तुटते.

सावधान: चेहरा आणि खांदे भाव दाखवू लागले की रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐका. आवाजात तो नसतो, असं बरेचदा आढळतं.

टप्पा 8: आता रेकॉर्डिंग

तीन वेगवेगळ्या वादकांची, एकामागून एक, स्कोअर समोर ठेवून. तुमच्या निर्णयाहून वेगळं कुठे वाटलं तेवढेच बार टिपा. आवडलं म्हणून उचलू नका. त्या वादकाने स्कोअरमधलं काय वाचलं जे तुमच्याकडून सुटलं, ते शोधा. एका बैठकीत उरकण्यासारखं काम आहे.

टप्पा 9: श्रोत्यांना काय सांगायचं

दोन वाक्यं, फार तर तीन. कार्यक्रमपत्रिकेत ओपस आणि क्रमांक आधी, टोपणनाव नंतर अवतरणात. शेवट आधीच फोडायचा नाही, आणि ‘आता डोळे मिटा आणि कल्पना करा’ हे तर मुळीच नाही.

क्रमांक 15 साठी असं चालेल: ‘शोपँचा प्रील्यूड, ओपस 28 क्रमांक 15. पावसाचं नाव त्याला इतरांनी दिलं. एक सूर सुरुवातीपासून वाजत राहतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा.’

‘लीबेस्ट्राउम’साठी कवितेच्या पहिल्या दोन ओळी मराठीत वाचा आणि वाजवायला लागा. लग्नात वाजवायची फर्माईश आली तर यजमानांना दुसरी ओळ आधीच सांगून ठेवा. मग काय वाजवायचं ते त्यांनी ठरवावं.